जावयाने जिंकलेला डाव

आमच्या पहिल्या दिवाळसणाला माझ्या नवऱ्याने माझ्या माहेरच्या सगळ्यांना तीन पत्तीत धुतलं, आणि तिथेच त्याचं डोकं बिघडलं. घाटकोपरच्या आमच्या घरी गणपतीच्या जागरणाला पत्ते पिसले जायचे, त्यामुळे मला पानं लहानपणापासून कळायची. त्या दिवाळीत मी बाबांच्या मागे बसून करंजी खात होते. त्यांच्या हातात तीन राजे आले. त्याहून मोठे फक्त तीन एक्के. बाबांनी एकदा पानांकडे बघितलं, एकदा समोरच्या जावयाकडे, आणि पानं पालथी टाकून म्हणाले, "छे, काही दम नाही." काकांनी आणि भावानेही त्या दिवशी तेच केलं. पहिल्याच सणाला जावई हरून उठला तर बरं दिसत नाही, एवढाच विचार. चार आणे-आठ आण्यांचा मामला. मला तेव्हा गंमतच वाटली.

नवरा मात्र सासुरवाडीहून खेळाडू होऊनच परतला. ऑफिसातल्या मंडळींबरोबर बसायला लागला. "मी पानं न बघता खेळतो, समोरचा टरकतोच," असं मला समजावून सांगायचा. मी भाजी चिरत ऐकायचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राची जोगेश्वरीला वास्तुशांत होती. तिथून आम्ही संध्याकाळी बोरिवलीला बिल्डरच्या ऑफिसात जाणार होतो. वन रूम किचनचा हप्ता भरायचा होता आणि पैशांचं पाकीट नवऱ्याच्या खिशात होतं. त्यात माझ्या पाटल्या मोडून आलेले पैसे होते. मी हसतहसत मोडल्या होत्या, कारण सासरच्या एका खोलीत सात माणसांत माझा जीव घुसमटत होता.

जेवणं झाली, पुरुषांनी बाहेरच्या खोलीत चादर अंथरली. आम्ही बायका आत भांडी आवरत होतो, पण माझे कान बाहेर लागलेले. नवरा मोठ्याने हसला की मला कळायचं, हातात काही नाही. चांगली पानं आली की हा गप्प होऊन ती पुन्हापुन्हा जुळवायचा. मला जे आतून कळत होतं, ते समोर बसलेल्याला कळत नसेल?

समोर त्यांच्या ऑफिसचे हेडक्लार्क होते. शांत माणूस. पानं बघायचे, आवडली नाहीत की निमूट टाकून सुपारी कातरत बसायचे. त्यांना हरायची लाज नव्हती. माझ्या नवऱ्याला होती. एकदा पैसे टाकले की ते परत आणल्याशिवाय त्याला उठवत नसे. खिशातले सुटे संपले तसं त्याने पाकीट काढलं. मी दारातून बघितलं आणि हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं.

"चहा मी नेते," असं म्हणत मी यजमानीणबाईंच्या हातातून ट्रे घेतला.

बाहेर आता डावात दोघंच उरले होते. हेडक्लार्क पानं बघून खेळत होते आणि दर वेळी न बोलता पैसे वाढवत होते. नवऱ्याची तीन पानं चादरीवर पालथी पडलेली, त्याने त्यांना हातही लावला नव्हता.

"अरे, बघ तरी," यजमान म्हणाले. "वाट लागेल ना यार."

"बघायचं कशाला? दिवाळीत सासऱ्यांना असंच साफ केलं होतं," नवरा म्हणाला आणि मोठ्याने हसला. त्याचा हात पुन्हा पाकिटात गेला.

चारचौघांत नवऱ्याला काही बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. मी ट्रे चादरीच्या कडेला ठेवला. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त होता.

"अहो," मी म्हटलं, "बाबांनी दिवाळीत तीन राजे टाकून दिले होते."

"काय?"

"जावई हरू नये म्हणून. सगळ्यांनीच पानं टाकली होती. मी मागेच बसले होते ना."

हेडक्लार्क खाली बघून सुपारी कातरायला लागले, तेवढं भलेपण त्यांनी दाखवलं. नवऱ्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा चिडून सगळं पाकीटच चादरीवर टाकणार. त्याने पानं उचलली, बघितली, एकावर एक नीट ठेवली.

"पॅक," तो म्हणाला आणि उठला.

बसस्टॉपवर त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. "माझ्याकडे नको." ते हाताला हलकं लागलं, पण अर्ध्याहून जास्त उरलं होतं. बाकीच्यासाठी बिल्डरकडे मुदत मागता येणार होती. मी ते पर्सच्या तळाशी घातलं आणि पर्स काखेत घट्ट धरली.

बस येते का ते बघायला तो एकदा रस्त्यावर उतरून परत आला.

"तुझ्या बाबांचं समजलं," तो म्हणाला. "आता खरं सांग. घरात तू मला कशाकशात जिंकू देतेस?"

तो भांडायला विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि सुरुवात कुठून करावी तेच मला कळेना.