पूर्वेच्या बांधावरची बाभूळ

तात्यांची बाभूळ मी तोडायला लावली. त्यांना न विचारता.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. महाळुंग्यात कंपन्यांच्या भिंतींमध्ये अडकलेलं आमचं वीस गुंठे रान त्यांनी शेवटपर्यंत पेरलं. पूर्वेच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला ही जुनी बाभूळ.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, सुटली की सकाळी रानात चक्कर मारायचो. दर वेळी बाभळीची सावली ज्वारीच्या चार ओळींवर पसरलेली दिसायची. इंजिनिअर माणूस! लॉस दिसला की हात शिवशिवतात.

तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि मी लाकूड कापणारे बोलावले.

घरी आल्यावर तात्या काळा चष्मा लावून थेट बांधावर गेले. उरलेल्या बुंध्यावरून हात फिरवला.

मीच म्हणालो, "सावलीनं पीक मार खात होतं, तात्या."

"सकाळची सावली पिकाला बाधत न्हाई, बाळा. दुपारची बाधती. अन् दुपारी हिची सावली रस्त्यावर पडायची. कंपनीतली पोरं डबा खायला बसायची तिथं. तू दुपारी कधी आलास?"

नव्हतो आलो. दुपारी मी झोपलेला असायचो.

मग पावसाच्या तोंडाला त्यांनी मला शेजारच्या सलीमचाचांकडे पाठवलं. शेळ्यांच्या लेंड्यांतून बाभळीचं बी वेचायला.

"शेळीच्या पोटातनं आलेलं बी लवकर उगवतंय."

मी हँडग्लोव्हज घातले तर तात्या पोट धरून हसले. "आता कर तुझं क्वालिटी चेक!"

दोघांनी मिळून त्याच जागी बी टाकलं. रोपं वीतभर झाली आणि तात्या गेले.

एका खड्ड्यात दोन रोपं आलीत. आता कमरेएवढी झालीत. एक काढायलाच हवं, नाहीतर दोन्ही खुरटतील.

अशा जोडरोपांतलं कोणतं ठेवायचं, हे तात्या नुसतं खोडाला हात लावून सांगायचे. मी कितीदा शेजारी उभा होतो. कशावरून ओळखता, एवढं विचारायचं सुचलं नाही.

काल विळा घेऊन गेलो. दोन्ही खोडांना हात लावून बघितला. काही कळलं नाही.

तसाच परत आलो.

तात्या, तुम्ही हवे होतात.

मनापासून नमस्कार.