आवाज नाही? आधी फॉरमॅट

आमच्या दुकानात एक नियम आहे, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हाही नियमच आहे. टीव्हीवर चित्र दिसतंय पण आवाज येत नाही, अशी तक्रार आली की रेकॉर्डरची डिस्क आधी फॉरमॅट करायची. बाकी सगळं नंतर.

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात किस्से जुन्या वायरींसारखे साठतात. खणात टाकताना एकेक असते, काढायला जावं तर सगळा गुंता हातात येतो. मला खरं तर एकच किस्सा सांगायचाय. माझी मैत्रीण रेश्मा, तिच्या हातातला माईक या नियमापायी कायमचा जाणार होता, तो. पण तो ओढला की बाकीचेही येणार. येऊ देत.

दुकान कराडात, मालक माझे थोरले चुलते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्समधलं इंजिनिअरिंग केलं आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून त्यांच्या हाताखाली बसले. पहिल्याच दिवशी आवाज नसलेला रेकॉर्डर आला. मी तात्यांना नीट समजावलं. रेकॉर्डर कार्यक्रम साठवतो तेव्हा आवाज आपल्या पद्धतीनं बांधून ठेवतो. हल्ली लोक तीच डिस्क स्टिकला जोडतात. स्टिक म्हणजे टीव्हीच्या मागं खोचायची, वायफायवर सिनेमे दाखवणारी ती बोटभर डबी. तिला चित्राचं गाठोडं सोडता येतं, आवाजाचं येत नाही. बिघडलेलं काहीच नसतं. स्टिकच्या सेटिंगमध्ये 'सराउंड'चं 'स्टिरिओ' करायचं, तेवढ्यानं नाही जमलं तर दुसरा प्लेअर टाकायचा.

तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?" ते म्हणाले. "सायले, आता फॉरमॅट मार."

"तात्या, आतलं सगळं रेकॉर्डिंग पुसलं जाईल."

"जाऊ दे की. आवाज येतोय का न्हाई ते बग."

आवाज येतो. येणारच. फॉरमॅट झाल्यावर तात्या रेकॉर्डर थेट टीव्हीला लावतात, नवीन बातम्या रेकॉर्ड करतात आणि गिऱ्हाइकाला ऐकवतात. मधे स्टिक नसतेच. गिऱ्हाईक खुशीत घरी जातं आणि डिस्क रिकामी आहे हे त्याला संध्याकाळी कळतं.

• • •

मलकापूरच्या एका रिटायर्ड सुभेदारसाहेबांना ते दुकानातच कळलं. त्यांनी दिल्लीची परेड रेकॉर्ड केली होती. मी चहा सांगायला बाहेर गेले आणि परत येईपर्यंत तात्यांनी नियम बजावलेला होता.

"आला बगा आवाज," तात्या म्हणाले.

सुभेदारसाहेबांनी बातम्या ऐकल्या. मग रिमोट मागितला, पडद्यावरच्या यादीत वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

"परेड कुठाय?"

"ती गेली. पण पुढच्या वर्षी परत असतीय की, सुभेदार."

"परेड असतीय," सुभेदारसाहेब म्हणाले. "त्यात नातू नसंल."

ते रेकॉर्डर बगलेत मारून निघून गेले. तात्या मला म्हणाले, "बगितलंस? मिल्ट्रीचा माणूस. तक्रार न्हाई, काय न्हाई."

मी त्या दिवशी कपातला चहा तसाच ठेवला. तात्यांना वाटलं साखर कमी पडली.

• • •

त्यानंतर मी एक केलं. बाहेरच्या तक्रारी स्वतः घ्यायला लागले. घरी जाऊन काम केलं की तात्यांचा हात डिस्कपर्यंत पोचत नाही.

पाचगणीला एका बंगल्यावर गेले. मालकानं दार उघडलं, माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं.

"मेकॅनिक गाडी लावतोय का?"

"नाही. चपला काढतेय."

ते हसले नाहीत. मला आत बसवलं आणि माझ्यासमोर तात्यांना फोन लावला. "अहो, तुमच्याकडं माणूस नाही का कोणी? पोरीला काय पाठवलंय? माझा थिएटरचा सेट आहे, लाखाचा." फोन चालू असताना मी रिमोट उचलला, सेटिंग बदललं. सिनेमात नेमकी हाणामारी चालू होती. खोलीतल्या पाचही स्पीकरमधून एकदम आवाज फुटला आणि मालकांच्या हातातला फोन सोफ्यावर पडला.

सोफ्यावरून तात्या म्हणत होते, "आवाज तर येतोय की, साहेब. मग तक्रार काय हाय?"

• • •

मेढ्याला एका गुरुजींचा टीव्ही पंधरवडाभर मुका होता. घाटातून एसटीनं जाऊन दोन मिनिटांत आवाज आणला. गुरुजींनी पाठ थोपटली आणि टीव्हीपुढं बसले. गुरुजींच्या पत्नी मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्या.

"लय शिकलीयास गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण पुढच्या खेपेला एवढी घाई करू नगंस. आवाज नव्हता तवा ह्ये माझ्याशी बोलत हुते."

• • •

सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडं वेगळंच. आवाज होता, पण मागून यायचा. पडद्यावर माणूस तोंड मिटायचा आणि मग त्याचं वाक्य ऐकू यायचं. नवीन साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, स्टिकशी जुळत नव्हता. मी आवाजाची वेळ थोडी थोडी सरकवत बसले होते. झोपाळ्यावर म्हातारे मालक, दारात त्यांची सून चहाचा ट्रे घेऊन.

"आमच्या सूनबाईचं असंच हाय," म्हातारे मला म्हणाले. "आज सांगितलं की उद्या ऐकू येतं."

सून ट्रे ठेवत म्हणाली, "मामंजी, तुमचं तोंड मिटल्याबिगर मला ऐकू कसं येईल?"

मी ते सेटिंग जागेवर आणलं आणि चहा न घेता पळाले.

• • •

आता रेश्माचं.

रेश्मा म्हणजे यूनुसचाचांची मुलगी. कराडजवळच्या आमच्या गावी जत्रेला स्पीकर, माईक, सगळं यूनुसचाचांचंच असतं, त्यांच्या वडिलांपासून. रेश्मा लहानपणापासून स्पीकरच्या त्या खोक्यांवर चढून बसलेली. बी.ए. झाली, आवाज असा की मैदानाच्या पार टोकाला उभा माणूस मान वळवून बघतो.

यंदा बैलगाडी शर्यतीला बोलावलेला निवेदक आलाच नाही. गाड्या जुंपलेल्या, लोक खोळंबलेले. रेश्मानं माईक घेतला. बैलांची नावं, मालकांची गावं, कोण कुठल्या चाकोरीत, सगळं तिला पाठ. पहिले तीन गट तिनं असे पळवले की म्हातारी माणसं पटका उडवत होती. चौथ्या गटाला, गाड्या सुटायच्या आधीच, अण्णांचा बैल बुजला. अण्णा म्हणजे गावातलं मोठं बागायतदार घर. त्यांचा बैल गाडीसकट दोरी तोडून शेजारच्या उसात घुसला, पुढचा पाय मुरगळला. माणसं थोडक्यात वाचली.

हलगी-शिट्ट्यांच्या गदारोळात खोक्यातून काय आलं ते कोणी धड ऐकलं नव्हतं, आणि मी तर मैदानात नव्हतेच. संध्याकाळपर्यंत गावानं कारण शोधलं. बाईच्या आवाजानं बैल बुजतो.

तात्या जत्रा कमिटीत आहेत. घरी जेवताना त्यांनी तेच सांगितलं तेव्हा मी विचारलं, "अण्णांच्या बैलाला रोज वैरण कोण घालतं?"

"त्येंची सून."

"मुकाट्यानं घालते?"

"जेव गप," तात्या म्हणाले.

कमिटीनं ठरवलं ते असं. रेश्मानं रविवारी सगळ्यांपुढं माफी मागायची आणि पुन्हा कुठल्याच मैदानात माईकला हात लावायचा नाही. नाहीतर यूनुसचाचांचे स्पीकर जत्रेतून बंद. आणि आमच्या जत्रेतून गेलेल्या माणसाला आसपासचं कुठलं गाव बोलावत नाही.

मी रेश्माला भेटायला गेले. ती एवढंच म्हणाली, "बैल बुजला तेव्हा माईक माझ्या हातात नव्हताच."

"मग कोणाच्या?"

ती सांगणार होती. आतून यूनुसचाचा आले. "रेश्मा. बास." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेटा, आपल्याला ह्याच गावात राहायचंय. मागंल ती माफी."

रविवारी सकाळी अण्णा आमच्या दुकानात आले, हातात रेकॉर्डरची डिस्क. केबलवाल्यानं शर्यत गावाच्या चॅनेलवर दाखवली होती आणि अण्णांच्या घरी ती रेकॉर्ड झालेली. मागोमाग कमिटीचे अध्यक्ष नाना आले, आणखी चार पटकेवाले आले. पायरीच्या खाली यूनुसचाचा आणि रेश्मा उभे होते. त्यांना कोणी वर या म्हटलं नाही.

"नव्या टीव्हीवर लावली," अण्णा म्हणाले. "चित्र दिसतंय, आवाज न्हाई. पोरगी काय वरडली म्हून माझा बैल उधळला, त्ये मला माझ्या कानानं ऐकायचंय. मग घेऊ माफी."

मी डिस्क दुकानातल्या टीव्हीच्या स्टिकला जोडली. चित्र आलं. स्टेजवर रेश्मा, हातात माईक, तोंड हलतंय, आवाज नाही. मग कॅमेरा गाड्यांकडं वळला. धूळ, शेपट्या, माणसं. अण्णांचा बैल उभा. आणि एकदम उधळला.

"बगा," नाना म्हणाले. "माईक पोरीच्याच हातात हुता. दिसतंय की समद्यांस्नी."

"तो आधी होता," मी म्हणाले. "नंतर स्टेज दिसतच नाही. आवाज ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

तात्या गल्ल्यावरून उठले. "रेकॉर्डिंग करप्ट झालंय, अण्णा. आवाजाचं असंच असतंय. सायले, फॉरमॅट मार."

"काहीही करप्ट नाही. सेटिंग आहे."

"तुला नियम ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे."

"मग मार. अण्णांची डिस्क तरी चांगली हुईल."

मी तात्यांकडं पाहिलं. मला वाटलं होतं ते नेहमीसारखे वैतागलेले असतील. ते वैतागलेले नव्हते. त्यांनी गळ्याजवळचं बटण सोडलं होतं आणि ते टीव्हीकडं बघत नव्हते.

"अण्णा," मी विचारलं, "डिस्क तुमची. पुसू का?"

"पुसू नगंस, पुसायला आणली का म्या?"

"आवं अण्णा, पोरीला काय कळतंय त्यातलं," तात्या म्हणाले. "सायले, हिकडं आण ती डिस्क. मी मारतो."

त्यांनी हात पुढं केला. मी डिस्क आणि त्यांच्यामध्ये उभी राहिले.

"नाही," मी म्हणाले.

दुकानात मी हा शब्द तात्यांना पहिल्यांदा म्हणत होते. नाना म्हणाले, "थोरल्या माणसाला असं बोलत्यात व्हय गं?" मी रिमोट उचलला. सराउंडचं स्टिरिओ केलं. आवाज आला नाही. मागं कोणीतरी खाकरलं.

"बगा," तात्या म्हणाले. "मी सांगत हुतो."

मी दुसरा प्लेअर उघडला, रेकॉर्डिंग मागं नेलं आणि लावलं.

मैदान एकदम दुकानात शिरलं. हलगी, शिट्ट्या, आणि त्यावर रेश्माचा आवाज, ठणठणीत. "चौथ्या गटात, दुसऱ्या चाकोरीत, आपल्याच गावच्या अण्णांचा..." अण्णांनी नकळत मान हलवली. पडद्यावर कॅमेरा गाड्यांकडं वळला. स्टेज दिसेनासं झालं. आणि माईकमध्ये खरखर झाली, कोणी तो हातातून ओढून घेतल्यासारखी.

"दे हिकडं. पोरीबाळीचं काम न्हवं ह्ये."

रेश्माचा आवाज आला, लांबून, माईकच्या बाहेरून. "तात्या, खोक्याच्या समोर जाऊ नका. माईक शिट्टी मारंल. तात्या, मागं या."

"तू मला शिकीवतीस? हॅलो. हॅलो."

मग ती शिट्टी. कानात सुई घातल्यासारखी, लांबलचक. दुकानात दोघांनी कानावर हात घेतले. पडद्यावर अण्णांच्या बैलानं मान झटकली आणि दोरी तुटली.

मग अण्णा म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं.

"बंद कर ते," तात्या म्हणाले. आवाज अगदी खाली होता.

"नाही करणार."

नाना पायातल्या वहाणेकडं बघत होते. अण्णांनी हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. रेश्मा पायरी चढून वर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"हॅलो," टीव्हीतून तात्या म्हणत होते. "हॅलो. हॅलो."