खाडीकाठच्या पेटीतला बोर्ड

कल्याणला उतरलो तेव्हा ऊन नुकतेच फलाटावर आले होते. आम्हा मिरजकरांना कल्याण म्हणजे गाडी बदलायची जागा. तिथे थांबून चहा प्यायची हौस अनंताची. मिरजेत आमचे दोघांचे छोटे वर्कशॉप. यंत्रे चालवणारे बोर्ड तो बनवायचा, मी बसवायचो, आणि प्रवासात दोघांच्या वाटचे तोच बोलायचा. गेल्या पावसाळ्यात तो वारला. या खेपेला चहा न घेताच मी ठाण्याची एस.टी. पकडली.

काम होते कोपरीतल्या बर्फाच्या कारखान्यात. तिथला अनंताने केलेला बोर्ड खाऱ्या हवेने बंद पडला होता. पिशवीत मी बाजारातला तयार बोर्ड घेतला होता, पण मनात दुसरेच होते. अनंताच्या हातचा एवढा एकच बोर्ड आता उरला होता आणि तो मला घरी न्यायचा होता.

कारखाना खाडीला लागूनच. यंत्र सांभाळणारे हिरामणतात्या इथलेच आगरी, पूर्वी मिठागरावर होते. त्यांनी माझ्या मागे कोणी येतेय का पाहिले.

"तो बोलनारा कुठं हाय?"

मी सांगितले. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि ते आत गेले.

नव्या बोर्डावर यंत्राला हुकूम देणारा मायक्रोकंट्रोलर त्याच जातीचा, प्रोग्रॅमची चिप जुन्या बोर्डावरून काढून लावलेली, तारा जोडायचा कनेक्टरही तसाच. यंत्राशेजारच्या पेटीत तो बसवला आणि पाणी भरायचे बटण दाबले, तर छपरावरचा भोंगा वाजला. बर्फ तयार झाला की भोंगा द्यायची इथली रीत. बघता बघता कोळणी टोपल्या घेऊन फाटकात हजर, आणि आत बर्फाचा खडाही नाही. त्यांनी माझा यथेच्छ उद्धार केला. खरे सांगतो, बरे वाटले. घर सोडल्यापासून माझ्याशी इतके कोणी बोललेच नव्हते.

घोळ पिनांचा होता. तयार बोर्डावर हुकूम बाहेर नेणाऱ्या पोर्टच्या आठ पिना कनेक्टरवर ओळीने येतात. अनंता एकाच बाजूला तांबे असलेला स्वस्त बोर्ड वापरायचा. तांब्याच्या रेघा एकमेकींना छेदू नयेत म्हणून जी पीन जिथे सहज पोचेल तिथे तो ती सोडायचा आणि पुढचे प्रोग्रॅममध्ये निस्तरायचा. म्हणून ओळीच्या बोर्डावर त्याच्या प्रोग्रॅमने पाण्याचा हुकूम भोंग्याला दिला. मी जुना बोर्ड उजेडात धरून लाखेच्या लेपाखालच्या रेघांवरून बोट फिरवत राहिलो. त्या क्रमाने आठ तारांची वेडीवाकडी केबल जोडली. मधे तात्यांनी डब्यातले निवट्यांचे (खाडीच्या चिखलातले मासे) कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. नंतर बटण दाबले तेव्हा पाणीच आले.

जुना बोर्ड पिशवीत टाकत होतो, तेव्हा तात्यांनी विचारले, पुढे दुसरा कोणी आला तर ही केबल त्याला कशी उमगायची? मी म्हटले, नकाशा काढून देतो.

"कागद नाय टिकाचा हितं, दादा. खाऱ्या हवेन लगदा व्हतो. तो बोर्डच र्‍हाऊ दे पेटीत."

मीच येईन की, असे अगदी ओठांवर आले होते. पण मागच्या खेपेला अनंताही हेच म्हणाला होता. मी बोर्ड पिशवीतून काढला आणि नव्याशेजारी पेटीत बांधून टाकला.

परतताना कल्याणला चहा घेतला. तो बराच वेळ पुरला. मिरजेत उतरलो तेव्हा पिशवी हलकी होती आणि त्याचे वाईट वाटत होते, अजूनही वाटते. पण कोपरीतली ती पेटी जो कोणी उघडेल, त्याला आधी अनंताशीच बोलावे लागेल.