शाळेकडे वळलेलं पाणी

प्रमिला सपकाळे जळगावला मेहरूण भागात एकटीच राहायची. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होती. वडील, रुपचंद, ती लहान असतानाच गेले. तिला शिकवलं थोरल्या बहिणीने, भिकुबाईने, लोकांच्या शेतात कापूस वेचून. भिकुबाईचं सासर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, खैरखुटी नावाच्या लहानशा गावात होतं.

सत्त्याण्णव साली कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी परदेशातून येताना ‘ग्रास’ नावाचं नकाशांचं सॉफ्टवेअर आणलं. ते फुकट होतं. पण प्रमिलाला त्याहून मोठं नवल वाटलं ते याचं, की त्याचा सगळा प्रोग्राम उघडून वाचता येत होता आणि हवी ती भरही घालता येत होती. लॅब रिकामी असली की ती तो वाचत बसायची. मग तिने खैरखुटीचा सर्वेचा नकाशा मिळवला आणि उंचीच्या रेषा एकेक करून कॉम्प्युटरमध्ये चढवल्या.

खैरखुटीच का, तर गावाच्या डोक्यावर मातीच्या भिंतीचा एक पाझर तलाव होता. दर पावसाळ्यात त्या भिंतीच्या पायथ्याला ओल यायची. भिकुबाई हे हसत सांगायची, पण प्रमिलाला त्याची धास्ती वाटायची. भिंत फुटली तर पाणी कुठवर येईल, हे सांगणारं काही त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. म्हणून तिने स्वतःच तसा प्रोग्राम लिहून त्याला जोडला. सगळं गाव बारीक चौकटींत मांडायचं आणि उंच चौकटीतलं पाणी शेजारच्या सखल चौकटीत सोडत जायचं, अशी त्याची रीत.

पहिल्यांदा चालवला तेव्हा पडद्यावर निळा रंग सरकत सरकत भिकुबाईच्या आळीवर आला आणि घरं बुडवून पुढे गेला. प्रमिला खुर्चीतून उठून उभी राहिली. शाळा मात्र कोरडी होती.

ती खैरखुटीला गेली आणि गावचे पोलीस पाटील, तोताराम आबा, यांच्या ओट्यावर तिने तो नकाशा पसरला. लोक जमले. कोणी हसलं, कोणी मान हलवली. भिकुबाईने मात्र घरोघरी जाऊन सांगितलं, “पानी जास्त व्हयनं का शाळामा जावानं. मन्ही बहीन सांगस.”

पुढच्या वर्षी सप्टेंबरात पावसाने उसंत घेतली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शिरपूरहून आलेल्या एका ओळखीच्या कंडक्टरने प्रमिलाला निरोप दिला. तलावाच्या भिंतीला भेग पडली होती आणि भिकुबाईच्या सांगण्यावरून सगळं गाव शाळेत जाऊन बसलं होतं.

प्रमिलाला आधी बरं वाटलं. मग कोण जाणे का, तिने तो प्रोग्राम पुन्हा उघडला. वाचता वाचता तिची नजर एका ओळीवर थांबली. मूळ सॉफ्टवेअर उतारावरचं पावसाचं पाणी आठही दिशांना पाठवत होतं. लॅबचा कॉम्प्युटर संथ म्हणून तिने आपल्या प्रोग्रामात चारच ठेवल्या होत्या. सरळ आणि आडवं पाणी जात होतं, तिरकं नाही. आणि शाळेच्या वरच्या अंगाला नाला तिरका वळत होता.

तिने दुरुस्ती करून प्रोग्राम चालवला. निळा रंग त्या वळणावर आला, या वेळी थांबला नाही आणि शाळेवर चढला.

 खैरखुटीतल्या एकुलत्या एक फोनचा नंबर तिने पुन्हा पुन्हा फिरवला. लाईन बंद होती. शिरपूरच्या सरकारी कचेरीत फोन लागला, पण साहेब दौऱ्यावर गेले होते. मग पिशवीही न घेता तिने चोपड्यावरून शिरपूरला जाणारी बस धरली. वाटेत ओढ्यावरच्या प्रत्येक फरशी पुलापाशी बस थांबली की ती दारात येऊन पाण्याकडे बघायची. आपण तिथे पोचू तेव्हा शाळा असेल का, एवढंच तिच्या मनात होतं. शिरपूरच्या पुढे रस्ता बंद झाला. चिखल तुडवत ती खैरखुटीत शिरली तेव्हा दुपार कलत होती.

शाळेच्या वर्गांत माणसं दाटीवाटीने बसली होती. चूल पेटली होती, व्हरांड्यात शेळ्या बांधलेल्या होत्या. तिला बघून भिकुबाईचा चेहरा फुलला.

“तू कशी उनी वं इतला पानीमा?”

“अक्का, आठून निघा. बठ्ठा जण निघा. मन्हं चुकनं. पानी आठेच, शाळावरच येवाव शे.”

 तोताराम आबा उठले. त्यांची म्हातारी आई, झुंबरबाई, कोपऱ्यात तापाने फणफणत पडली होती. “तूच सांगेल व्हतं शाळामा जा,” ते म्हणाले. “आते तूच सांगस निघा. या पानीमा मी मन्ही मायले कोठे लई जाऊ?”

 प्रमिलाच्या मनात आलं, ही दुसरी गोष्टही चूक निघाली तर? म्हातारी उघड्यावर दगावली तर?  भिकुबाईने प्रमिलाच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि वाकून वळकटी बांधायला घेतली.

“ती लहानपनपासून खोटं बोलत नही,” ती म्हणाली. “उठा. बर्डीवर चाला.”

बर्डी म्हणजे गावामागची उघडी टेकडी. झुंबरबाईला खाटेसकट उचललं. काही घरं येईनात. त्यांच्या हातापाया पडायला प्रमिला दोनदा परत शाळेत गेली. दुसऱ्यांदा ती दाराबाहेर पडली तेव्हा वरून दगड गडगडल्यासारखा आवाज आला. शेवटची बाई पोराला काखेत घेऊन तिच्यापुढे पळत होती.

पाणी नाल्यातून आलं. वळणावर क्षणभर फुगलं, मग शाळेच्या मागच्या भिंतीवर आदळलं आणि भिंत आत कोसळली. बर्डीवरून सगळ्यांनी ते पाहिलं.  तोताराम आबा आईच्या खाटेवर ताडपत्री धरून उभे होते आणि त्यांचे दात वाजत होते.

भिकुबाईची आळी गेली. माणूस एकही दगावलं नाही. झुंबरबाई महिनाभर शिरपूरच्या दवाखान्यात होती, पण वाचली.

गावाने प्रमिलाला साडीचोळी केली. तिला ती घेववेना. सगळे तिने वाचवलं म्हणत होते, आणि तिला व्हरांड्यातल्या शेळ्या दिसत होत्या. त्या सोडायचं कोणाला सुचलं नव्हतं. कितीतरी दिवस ती कॉम्प्युटरपुढे बसली की तो प्रोग्राम न उघडताच उठायची. कॉलेजातले लोक म्हणाले, तुमची भर सगळ्यांना वापरायला द्या. ती नाही म्हणत राहिली. शेवटी भिकुबाईच रागावली. “दुसरी बाईले तुन्हासारखंच चुकू देशी का?”

तेव्हा कुठे प्रमिलाने तो प्रोग्राम इंटरनेटवर खुला केला. वर आपली चूक सविस्तर लिहिली. पुढे कोणा अनोळखी माणसाची ईमेल आली, की आम्ही तुमचा प्रोग्राम आमच्या नदीसाठी वापरतोय, तर तिला जेवण गोड लागायचं नाही. पुन्हा सगळं तपासायची आणि त्यांना लिहायची: नकाशात जी जागा कोरडी दिसते, तिथे आधी स्वतः जाऊन उभे राहा.