वाढत्या अंगाची गाडी

आमच्या ह्यांना डेपोत सगळे ब्रेकमास्तर म्हणत. चौतीस वर्षं बसच्या ब्रेकखाली आडवं पडून काढली माणसानं. ह्यांची सही झाल्याशिवाय बस फाटकाबाहेर जायची नाही. मग आत पन्नास माणसं घड्याळ बघत बसलेली असोत, नाहीतर खुद्द डेपो मॅनेजर डोळे वटारून उभा असो. ‘पास’ म्हटलं तर पास, नाहीतर बस जागेवर. निवृत्त झाले, पण सवय काही सुटली नाही. घरातला प्रेशर कुकरसुद्धा ह्यांनी पास केल्याशिवाय गॅसवर चढत नाही. माझ्या तर नाकी नऊ आलेत.

अशा माणसाच्या गळ्यात मुंगीची गाडी पडली.

मुंगी म्हणजे धाकट्या मुलाची मुलगी. नऊ वर्षांची, पण दिसते सहा-सात वर्षांची. सातव्या महिन्यातच जन्मली. दीड महिना दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तेव्हा तिचा बाप त्या काचेला नाक लावून तिचे श्वास मोजायचा, तो अजून मोजतोच आहे. ‘पळू नकोस, चढू नकोस, तुला झेपणार नाही.’ त्याचं चुकतं असं मी कशाला म्हणू? जे त्यानं बघितलं ते मीही बघितलंय.

थोरल्याची रोपवाटिका आहे, गावाबाहेर, चांगली ऐसपैस. त्याच्या दोन्ही मुलांकडे एकेक एटीव्ही आहे. जाड टायरची, हँडलची, चार चाकांची ती छोटी गाडी. रविवारी आम्ही सगळे तिकडे जमलो की ते दोघे धूळ उडवत फिरायचे आणि मुंगी कुणाच्या तरी मागे बसायची. त्या गाडीवर मागे बसायचंच नसतं, ती एकट्याचीच असते, हे ह्यांनी शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी एकदा वळणावर मुंगी मागून घसरून पडली. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. पण तिचा बाप पांढराफटक पडला. ‘आजपासून गाडी बंद,’ म्हणाला.

मुंगी रडली नाही. चार दिवस बोललीच नाही. पाचव्या दिवशी आजोबांना म्हणाली, “मला मागे बसायचंच नाहीये. मला माझी हवीय.”

ह्यांनी मुलाला समोर बसवलं. बरीच वादावादी झाली. शेवटी तो म्हणाला, “ठीक आहे बाबा. गाडी तुम्ही निवडा, तुम्ही पास करा. पण पहिल्या दिवशी जरा जरी गडबड झाली, तरी हा विषय कायमचा संपला. मग मला कुणी काही सांगायचं नाही.”

झालं! पुढचे तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नाही. हे एकेका दुकानात जायचे आणि मलाही ओढून न्यायचे. तिथल्या चकचकीत फरशीवर, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून, हा माणूस उताणा होऊन गाडीखाली सरकायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुकानदार आ वासून बघत राहायचे. एका गाडीची चेन उघडी म्हणून नापास. एकीला पाय ठेवायला नुसता दांडा होता, पाय घसरला तर थेट चाकाखाली, ती नापास. एक फार गोंडस होती, गुलाबी. तिचे सुटे भाग मिळायला दोन महिने लागतील असं कळलं. “आणि तोवर काय पोरीनं पायानं ब्रेक मारायचा?” असं विचारून हे बाहेर.

चौथ्या दुकानात मनासारखी सापडली. वेग किती वाढू द्यायचा ते एका स्क्रूवर ठरवता येत होतं. मागे एक दोरी होती. ती मोठ्या माणसानं हातात धरायची, ओढली की इंजिन बंद. ब्रेकचे दांडे हँडलवर. ह्यांनी ते पन्नास वेळा दाबून पाहिले आणि मान डोलावली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या गाडीची दोन मापं होती. दुकानातली मुलगी चांगली होती बिचारी. म्हणाली, “काका, नातीला घेऊन या. तिला बसवून बघू, मगच माप ठरवू.”

“मला ब्रेक शिकवताय?” हे तिच्यावरच उखडले. “जन्म गेला माझा त्यात!”

आणि मग मी तोंड उघडलं. माझ्या जिभेला कुठे हाड आहे! म्हटलं, “अहो, मोठीच घ्या. वाढत्या अंगाची. वर्षभरात लहान पडली तर पुन्हा कोण शोधणार?” आमच्याकडे सगळं असंच येत आलंय. गणवेश दोन बोटं लांब, बुटात पुढे कापूस. मुलं वाढतात. मुंगीही वाढेल. खरं सांगू? तिच्यासाठी काहीही घेताना मला मोठंच घ्यावंसं वाटतं. मोठं घेतलं की ती वाढणारच असं उगाच वाटत राहतं. ह्यांनाही तसंच वाटत असावं, कारण पहिल्यांदाच माझं म्हणणं त्यांनी वाद न घालता मान्य केलं.

रविवारी सकाळी सगळे रोपवाटिकेमागच्या मोकळ्या जागेत जमले. मुंगीला हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांना पॅड. नुसते डोळे दिसत होते, पण काय चमकत होते! ह्यांनी एक बादली जमिनीवर ठेवली आणि दोरी हातात धरली. “बादलीपाशी थांबायचं. एवढंच.”

गेली की हो! अगदी सावकाश, पाठ ताठ, आणि बरोबर बादलीपाशी थांबली. थोरल्याच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्यांदाही तशीच. मी तर टाळ्या वाजवत होते. तिचा बाप लांब भिंतीपाशी उभा होता, तोही थोडासा हसला.

हे मात्र हसत नव्हते. तिसऱ्या फेरीला ह्यांनी दोरी ओढली. इंजिन बंद. मी धावत गेले. “काय झालं? चांगली चालवत होती ना पोर?”

हे खाली बसले. “ब्रेक धर,” म्हणाले.

मुंगीनं दांडा धरायला हात पुढे केला, आणि मला दिसलं. तळहात हँडलवरून पार सुटला होता. बोटांची नुसती टोकं दांड्याला लागत होती. थांबायचं म्हटलं की ती हँडल सोडत होती! ह्यांनी पाना काढला, दांडा जवळ घेण्याचा स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवला. तरी बोटं पोचेनात. चौतीस वर्षं ह्यांनी ब्रेक तपासले, पण दाबणारे सगळे थोराड ड्रायव्हर. दाबणाऱ्याचा हात केवढा, हा प्रश्न कधी आलाच नव्हता. दुकानात पन्नास वेळा दाबला तो स्वतःच्या पंजानं.

बाप भिंतीपासून निघाला होता. मुंगीनं ते बघितलं आणि भराभरा कुजबुजली, “आजोबा, बाबांना सांगू नका ना. पोचतात, जोर लावला की पोचतात. मी रोज बोटं ओढून ओढून लांब करीन. गाडी चांगली आहे. माझे हातच लहान आहेत.”

ह्यांनी मान खाली घातली. ह्या माणसानं जन्मात ‘माझं चुकलं’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बायकोजवळसुद्धा नाही.

“काय झालं?” मुलगा येऊन पोचला.

“गाडी परत जाणार,” हे उठत म्हणाले.

“मी सांगत होतो बाबा. तिला झेपणार नाही...”

“तिला झेपली!” हे केवढ्यानं तरी ओरडले. “दोनदा बरोबर जागी थांबवली तिनं, असल्या गाडीवर! गाडीचं माप चुकलंय. तिचे हात जेवढे हवेत तेवढेच आहेत. तिला बसवून न बघता मी गाडी पास केली. चूक माझी आहे.”

“एकट्याची नाही,” मला राहवेना. “मोठी घ्या म्हणून मीच...”

“तू मध्ये बोलू नकोस. सही माझी होती.” मग मुलाकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, “मुंगीला घेऊन लहान मापाची बघतो. तू म्हणाला होतास विषय संपला. पण माझ्या चुकीची शिक्षा तिला देऊ नकोस रे.”

मुलानं वाकून मुंगीचा हात हातात घेतला आणि दांड्यापर्यंतचं अंतर स्वतःच्या बोटांनी मोजलं. “मीही येतो दुकानात,” म्हणाला. “मोजायला.”

मुंगी एकदा बापाकडे, एकदा आजोबांकडे बघत होती.

“म्हणजे माझ्या हातांचं काही चुकलं नाही?”

“काही नाही चुकलं, बाळा,” तिचा बाप म्हणाला.

आणि मग गाडीवरून पडताना न रडलेली ती पोर, हेल्मेटसकट त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.