शब्दांच्या आठ जाती आणि दोन जावा

हॉटेलच्या धुलाईखात्यात इस्त्री फिरवत थोरलीला चौदा वर्षं झाली होती. धाकट्या जावेला दोन वर्षांपूर्वी तिथं चिकटवलं तेही तिनेच, साहेबांच्या हातापाया पडून. त्यामुळे पाहुण्यांचे कपडे घ्यायच्या काउंटरवर जागा निघाली, तेव्हा ती आपलीच असं तिने धरूनच ठेवलं. अट एकच होती, इंग्रजीची लेखी परीक्षा.

दोघींनी कामावरून सुटल्यावरचा क्लास लावला. थोरली दहावी पास. इंग्रजी शब्दांच्या आठही जाती तिला व्याख्येसकट तोंडपाठ होत्या. पहिल्याच दिवशी तिने त्या घडाघडा म्हणून दाखवल्या. सातवीत शाळा सुटलेली धाकटी नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि थोरलीला फार बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी फळ्यावर ‘आयर्न’ लिहिलं. “याची जात कोणती?”

“नाम!” थोरली लगेच म्हणाली.

धाकटी चाचरत बोलली, “सर, एकट्या शब्दावरून कसं सांगणार? आयर्न हातात धरली तर नाम. पण ‘आय आयर्न शर्ट्स’ म्हटलं तर क्रियापदच झालं ना ते?”

सरांनी खडू खाली ठेवला. “इतकी वर्षं शिकवतोय. न सांगता हे ओळखणारी तू पहिलीच.”

झालं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी सासूबाईंनी कौतुकाची भर घातली, “शिकली असती तर कुठल्या कुठे पोचली असती गं पोरगी!” दुसऱ्या दिवसापासून थोरली धाकटीने घडी घातलेल्या चादरी हळूच उलगडून बघू लागली. एकीवरही सुरकुती सापडली नाही, याचाच तिला जास्त राग आला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी धाकटी वही घेऊन ओट्याशी आली. “जाऊबाई, ‘शी वर्क्स फास्ट’मधला फास्ट कोण हो? विशेषण की क्रियाविशेषण?”

थोरलीला उत्तर येत होतं. तरी ती म्हणाली, “शेवटी एल-वाय आहे का? नाही ना? मग विशेषण.” खोटं इतक्या सहज तोंडातून गेलं की तिची तीच चपापली.

तो प्रश्न परीक्षेत आला. निकाल लागला, आणि काउंटर धाकटीला मिळालं.

घरी जाताना धाकटी म्हणाली, “रागावू नका हं. तुम्ही सांगितलेलं मी लिहिलं नाही. म्हटलं, कामाच्या गडबडीत तुमची चूक झाली असेल.”

एवढं सांभाळून घेतलेलं थोरलीला सोसलं नाही. ती रस्त्यातच थांबली. “चूक नव्हती ती. मुद्दाम सांगितलं. जळत होते मी तुझ्यावर.”

धाकटी पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे चालू लागली.

आठ दिवस दोघींत अबोला होता. नवव्या दिवशी कपड्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवत धाकटी म्हणाली, “जिन्याशेजारच्या काउंटरलाही माणूस हवंय. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.”

“तू शिकवशील?” थोरलीने मान वर न करताच विचारलं.

“शिकवीन. पण पाठ केलेलं चालणार नाही.”

थोरली ‘बरं’ म्हणाली. पोटात अजूनही दुखतच होतं. शर्टाची कॉलर नीट करून तिने इस्त्री उचलली.