विहीणबाईंची गाडी आणि कानसेनांचा कान

तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणाऱ्या एका मेकॅनिकने हे जरा जास्तच मनावर घेतलं होतं. गाडी आली की लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते इंजिनवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. मग आजूबाजूच्यांनी श्वाससुद्धा बेतानेच घ्यायचा. लोक त्यांना कानसेनच म्हणत, आणि ही थट्टा आहे अशी शंका त्यांना कधी आली नाही.

त्यांच्या गॅरेजात एक कायदा होता. गाडीचा आवाज कसा येतो, हे गाडीच्या मालकाने सांगायचं नाही. कुणी भाबडेपणाने "डावीकडून जरा खडखड..." असं सुरू केलं, की कानसेनांचा तळहात वर जाई. "आवाज तुम्ही सांगायचा नाही. आवाज मी ऐकायचा. तुम्ही फक्त चावी फिरवा." एके काळी हा माज त्यांना शोभायचाही. नुसतं ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगत, आणि उघडून पाहावं तर तेच गेलेलं असे.

पण जन्मभर हातोड्याच्या शेजारी राहिलेला कान किती दिवस धडधाकट राहणार? आधी बारीक आवाज गेले. घड्याळाची टिकटिक गेली, चिमण्या गेल्या, मग बायकोच्या बोलण्यातला निम्मा भाग गेला. यावर कानसेनांचं निदान तयार होतं: हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. दाराची घंटा वाजेनाशी झाली तेव्हा त्यांनी घंटा बदलली. नवीनही वाजेना, तेव्हा दुकानदाराला शिव्या घातल्या. एकटे असताना मात्र एक प्रश्न त्यांचा पिच्छा सोडत नसे. कान गेला तर उरतं काय? नटबोल्टांवर पाने फिरवणारा एक माणूस. तसले त्या रस्त्यावर आणखी तिघे होते, आणि त्यांतला एक तर बरोबर समोरच होता.

अशात विहीणबाईंची गाडी आली. विहीणबाई म्हणजे लेकीच्या सासूबाई. जन्मभर नर्स म्हणून नोकरी केलेली, जिभेला हाड नाही, आणि निवृत्त झाल्यावरही घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधणारी बाई. गाडी लेकीच्या लग्नाहून जुनी. ती आता जागच्या जागी थरथरत होती आणि चढावर जीव टाकत होती. चारांपैकी एक सिलिंडर कामावर येतच नव्हता. कानसेनांनी स्क्रू ड्रायव्हर लावून "तिसरा मुका आहे" असं सांगितलं, आणि ते खरंही होतं. मग त्यांनी प्लग बदलला, वायर बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. तिसरा मुकाच राहिला. शेवटी नाइलाजाने लॅपटॉपवाल्याला बोलावणं धाडलं.

लॅपटॉपवाल्याने गाडीला वायर जोडली, पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय. तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला हुकूम देणारा भाग जळालाय त्यातला."

कानसेनांना या कॉम्प्युटरचा मनापासून राग होता. पत्र्याचा एक डबा, ना हलत ना बोलत, आणि म्हणे गाडी हाच चालवतो. ज्याला आवाज नाही त्याच्यावर माणसाने विश्वास ठेवायचा तरी कसा? पण विहिणीसमोर नाक कापून घेण्यापेक्षा डबा बदललेला बरा. भंगारातून त्याच नंबरचा दुसरा आणला. त्याने गाडीची चावी ओळखावी म्हणून लॅपटॉपवाल्याने जुन्यातली माहिती नव्यात भरली. जाता जाता म्हणाला, "कॉम्प्युटर उगाच जळत नाही हो. कॉइल मीटर लावून मोजून घ्या, नाहीतर हाही जाईल."

"कॉइल मी ऐकलीये," कानसेन म्हणाले. "काही आवाज नाही तिला."

नसणारच. जळालेला कॉम्प्युटर तिला हुकूमच देत नव्हता, तर ती बोलणार काय? मेलेल्याच्या कपाळाला हात लावून ताप नाही असं सांगावं, तसलं हे निदान होतं.

नवा डबा बसला आणि गाडी सुरू झाली. चारही सिलिंडर गुण्यागोविंदाने नांदू लागले. आणि तिसऱ्या कॉइलमधून आवाज आला: टिक, टिक, टिक. वीज कॉइलचं अंग फोडून बाहेर उडत होती. बायकोला ऐकू आलं, लेकीला ऐकू आलं, पलीकडे पानाची गाडी लावून उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू आलं असतं. विहीणबाईंनी तोंड उघडलं, तोच सुनेने त्यांचा हात दाबला. घरून निघतानाच तिने बजावलं होतं, "बाबांच्या गॅरेजात आवाजाबद्दल बोलायचं नसतं." कानसेनांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि समाधानाने मान डोलावली. "एकदम शांत," ते म्हणाले.

आठवडाही झाला नसेल, गाडी पुन्हा तीन पायांवर लंगडत आली. हाही कॉम्प्युटर जळाला होता. नाचता येईना अंगण वाकडं. कानसेनांनी भंगारवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि तिसरा डबा मागवला. लॅपटॉपवाला पुन्हा आला, पुन्हा माहिती भरली, आणि कॉइलबद्दल पुन्हा तेच म्हणाला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं म्हणून मग गप्प बसला.

विहीणबाई मात्र या वेळी गप्प नव्हत्या. "व्याही, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण गाडी नाही म्हणून काल एक म्हातारे दिवसभर तशाच ओल्या पट्टीत पडून होते. आता पुन्हा कॉम्प्युटर जळाला, तर गाडी मी समोरच्याकडे नेणार."

समोरच्याकडे! आपल्या विहिणीची गाडी आपल्याच डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून जाणार. कानसेनांनी घाईघाईने तिसरा डबा बसवला.

गाडी सुरू केली. टिक, टिक, टिक. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, कान दाबून धरला. खोलवरून यावी तशी एक घरघर तेवढी ऐकू आली. पण या वेळी त्यांना भीती वाटत होती, आणि म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत. समोर बायको, लेक, लॅपटॉपवाला आणि विहीणबाई उभ्या होत्या, आणि चौघांच्याही माना एकाच बाजूला कलल्या होत्या. सगळे तिसऱ्या कॉइलकडे बघत होते.

कानसेनांनी स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला. "कसला आवाज येतोय का?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आयुष्यात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"छे," बायको म्हणाली.

"अगदी शांत आहे, बाबा," लेक म्हणाली.

"तुम्ही ऐकलंत ना, मग झालं," लॅपटॉपवाला बुटांकडे बघत म्हणाला.

कायदा पक्का मुरला होता. कानसेन एकेकाचं तोंड बघत राहिले. ही माणसं आपल्याला जपतात की आपल्याला घाबरतात, हे त्यांना कळेना, आणि दोन्हींची त्यांना सारखीच लाज वाटली. घरातल्या माणसांना इतकं सफाईने खोटं बोलायला शिकवलं कुणी? दुसरं कोण शिकवणार!

विहीणबाईंनी सुनेचा शब्द मोडला नाही. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे झाल्या आणि तिसऱ्या कॉइलवर बोट ठेवल्यासारखं केलं.

कानसेनांनी ताबडतोब गाडी बंद केली. कॉइल काढून उजेडात धरली. तिच्या अंगावर केसाएवढी चीर होती आणि चिरेच्या दोन्ही बाजू करपल्या होत्या. डोळ्यांना दिसेल अशी. नवी कॉइल बसवून त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, आणि या खेपेला इंजिनाकडे न बघता चौघांच्या मानांकडे बघितलं. माना सरळ होत्या. कॉम्प्युटर वाचला.

विहीणबाई म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायला निघून गेल्या, लेक त्यांच्याबरोबर गेली. लॅपटॉपवाल्यानेही काढता पाय घेतला. नवरा-बायको दोघंच गॅरेजच्या दारातल्या बाकावर बसले. गल्ली नेहमीच्या कामात होती. समोरचा एका स्कूटरखाली वाकला होता, शेजारचा शिंपी कापड बेतत होता, कोपऱ्यावर दोघी भाजी निवडत होत्या.

"कधीपासून माहीत आहे तुला?" कानसेनांनी खाली बघत विचारलं.

ती काहीतरी म्हणाली.

"जरा मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "ऐकू नाही आलं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग इतक्या वर्षांचा आवाज एकदम मोकळा सोडला. "लेकीच्या लग्नाच्या आधीपासून! तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला लेकीच्या लग्नाच्या आधीपासून माहीत आहे!"

एवढ्या ओरडण्याने सगळी गल्ली वळून बघणार, म्हणून कानसेनांनी मान आणखीच खाली घातली. मग हळूच वर पाहिलं. समोरचा स्कूटरखालून निघाला नव्हता, शिंप्याची कात्री थांबली नव्हती, भाजी निवडणाऱ्या दोघींनी नजरही उचलली नव्हती. त्यांच्यापैकी कुणालाच यात नवीन काही ऐकायला मिळालं नव्हतं.